पाहण्याचा अधिकार : बीआय सर्व्हरच्या प्रशासनाविषयी

रूढ समज आणि त्याविरुद्धचे प्रतिपादन

संस्थेच्या विक्रीचे, खर्चाचे, साठ्याचे आणि वसुलीचे विखुरलेले आकडे एकत्र आणून ते तक्त्यांच्या व आलेखांच्या रूपात दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला बिझनेस इंटेलिजन्स, किंवा रोजच्या बोलण्यात नुसते बीआय, म्हणतात. टॅब्लो, पॉवर बीआय, सुपरसेट, मेटाबेस ही त्यांतली परिचित नावे. बँका, विमा कंपन्या, रुग्णालये, औषधांचे वितरक अशा अनेक ठिकाणी बैठकीची सुरुवातच आता डॅशबोर्ड समोर ठेवून होते. या सॉफ्टवेअरविषयीची चर्चा मात्र बहुधा एकाच अंगाने चालते : आलेख कोणता निवडावा, रंग कोणते असावेत, अहवाल वेगाने कसा उघडेल. सर्व्हरवर युजर तयार करणे, त्यांना ग्रुपमध्ये घालणे, कोणता अहवाल कोणाला उघडता येईल हे ठरवणे आणि सर्व्हरचे सेटिंग लावणे ही कामे आयटी विभागातल्या एखाद्या ॲडमिनकडे सोपवलेली असतात, आणि 'अमक्याला ॲक्सेस द्या' असा ईमेल आला की ॲक्सेस द्यायचा, यापलीकडे त्या कामात विचार करण्याजोगे काही असेल असे कोणाला वाटत नाही.

हा समज उथळ आहे. बीआय सर्व्हरवरची प्रत्येक परवानगी हा संस्थेने घेतलेला निर्णय असतो. कोणाला काय कळावे, कोणाला स्वतःचा प्रश्न विचारता यावा आणि कोणी दुसऱ्याने मांडलेल्या उत्तरावरच समाधान मानावे, हे त्या निर्णयाने ठरते. तो विचार न करता, कारण न नोंदवता आणि तो घेण्याचा अधिकारच नसलेल्या कर्मचाऱ्याच्या हातून घेतला गेला, तरीही तो निर्णयच राहतो. फरक इतकाच की पुढे जाब विचारण्याची वेळ आली म्हणजे त्याचा कर्ता सापडत नाही. म्हणून परवानग्यांची रचना व्यवसाय चालवणाऱ्यांनी स्वतः करावी, लिहून ठेवावी आणि ठरावीक काळाने तपासावी, आणि ती सर्व्हरवर अचूक उतरवणे एवढेच तंत्रज्ञाकडे सोपवावे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ते चार टप्प्यांनी मांडले आहे, आणि त्यानंतर संभाव्य आक्षेपांचा विचार केला आहे.

उगमापाशीच असलेला प्रश्न

परवानग्यांचा प्रश्न बीआयला नंतर येऊन चिकटला, मूळ कल्पना केवळ विश्लेषणाची होती, असे मानले जाते. इतिहास याच्या उलट आहे. आयबीएम या कंपनीतील संशोधक हान्स पीटर लून यांनी ऑक्टोबर १९५८ मध्ये त्या कंपनीच्या संशोधन-नियतकालिकात 'बिझनेस इंटेलिजन्स सिस्टिम' या कल्पनेवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात आलेखांचा विचार मध्यवर्ती नव्हता. संस्थेत येणाऱ्या कागदपत्रांचे यंत्राने सार काढावे, संस्थेतील प्रत्येक कृतिकेंद्राची, म्हणजे निर्णय घेणाऱ्या व्यक्तीची किंवा विभागाची, गरज नोंदवून ठेवावी आणि ज्याला जे हवे ते निवडून त्याच्यापर्यंत पोहोचवावे, असा त्यांचा आराखडा होता. कोणाला काय ठाऊक आहे आणि कोणाला काय कळले पाहिजे, हे दोन प्रश्न त्या आराखड्याच्या केंद्रस्थानी होते. पुढे संगणकांची शक्ती वाढली, पडदे रंगीत झाले आणि चर्चेचा भर चित्रावर गेला. चित्र कोणापर्यंत जावे, हा लून यांचा मूळ प्रश्न सर्व्हरच्या ॲडमिन-पानावर जाऊन पडला. तिथे तो अजूनही आहे. त्याचे उत्तर देणारा मनुष्य तेवढा बदलला.

पहिला टप्पा : सर्व्हर डेटाबेसकडे कोणाच्या नावाने जातो

बँकेच्या काउंटरवरील सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक स्क्रीन एका ठरावीक कामासाठी असते. रोखपालाला रोखीची स्क्रीन दिली की त्याच्या अधिकाराची मर्यादा आपोआप आखली जाते. बीआयमध्ये अशी मर्यादा नसते, कारण अनेक स्रोत एकत्र करणे हाच त्याचा हेतू असतो. पगाराची नोंद एका ठिकाणी, हजेरीची दुसऱ्या ठिकाणी आणि कामगिरीच्या मूल्यमापनाची तिसऱ्या ठिकाणी असते, तोवर तिन्ही मिळून होणारे चित्र कोणाच्याच हाती नसते. अहवाल तयार करणारा ते पहिल्यांदा निर्माण करतो. या नव्या चित्राला मूळ तिन्ही स्रोतांचे नियम आपोआप लागू होत नाहीत, ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे.

डेटाबेसमध्ये कोणाला काय दिसावे याचे नियम जुने आणि बारकाईने विचार केलेले आहेत. अधिकार देण्याची, पुढे वाटू देण्याची आणि परत घेण्याची पद्धत आयबीएममधील पॅट्रिशिया ग्रिफिथ्स व ब्रॅडफर्ड वेड यांनी १९७६ मध्येच सविस्तर मांडली होती. एखाद्याचा अधिकार काढून घेतला की त्याने इतरांना दिलेले अधिकारही कसे गळून पडावेत, इथपर्यंत तो विचार गेला होता. बीआय सर्व्हरच्या एका साध्या सोयीपुढे मात्र ही सारी रचना निरुपयोगी ठरते. अहवाल सर्व्हरवर चढवताना तो तयार करणाऱ्याला विचारले जाते : अहवाल उघडणाऱ्याने डेटाबेसचा पासवर्ड स्वतः द्यायचा, की अहवाल चढवणाऱ्याचा पासवर्ड अहवालातच साठवून ठेवायचा? दुसरा पर्याय सोयीचा असल्यामुळे बहुधा तोच निवडला जातो. त्या क्षणापासून अहवाल उघडणारा प्रत्येक जण अहवाल करणाऱ्याच्या अधिकाराने डेटाबेसकडे जातो. डेटाबेसला दिसतो तो एकच पाहुणा. त्याच्यामागे चारशे माणसे उभी आहेत हे त्याला कळण्याची सोय नसते.

काही पॉवर बीआय आणि टॅब्लो रचनांमध्ये डेटाची प्रत सर्व्हरवर आणून ठेवली जाते आणि ठरावीक वेळी ती ताजी केली जाते. अशा वेळी तर डेटाबेसचा संबंध ती प्रत घेण्यापुरताच उरतो. अहवाल करणारा नोकरी सोडून गेला किंवा त्याचा पासवर्ड बदलला की प्रत ताजी होणे थांबते, तक्रारी येतात आणि त्यांवर उपाय म्हणून कोणत्याच व्यक्तीच्या मालकीचे नसलेले, पण सर्व तक्ते वाचू शकणारे एक सामाईक खाते तयार केले जाते. हे खाते आवश्यक असते, यात वाद नाही. त्याला नेमके कोणते तक्ते वाचता यावेत हे कोण ठरवतो, हा प्रश्न त्या घाईत विचारला जात नाही. म्हणजे ज्या माहितीच्या रक्षणाची जबाबदारी पूर्वी डेटाबेस वाहत होता, ती आता संपूर्णपणे बीआय सर्व्हरवरील परवानग्यांवर येऊन पडलेली असते, आणि हे स्थलांतर झाल्याची नोंद कुठेच नसते.

दुसरा टप्पा : परवानगी बदलली की आकडा बदलतो

प्रशासन हे निव्वळ कारकुनी काम आहे, या समजाला सर्वांत मोठा छेद या टप्प्यावर बसतो. आधुनिक बीआयमध्ये ओळनिहाय सुरक्षा नावाची सोय असते : अहवाल एकच, पण तो उघडणाऱ्याच्या ओळखीनुसार तक्त्यातील काही ओळीच त्याच्यासाठी मोजल्या जातात. एखाद्या वितरण-कंपनीचा नागपूर विभागाचा व्यवस्थापक अहवाल उघडतो तेव्हा त्याला नागपूरच्या ओळी दिसाव्यात, कोल्हापूरच्या व्यवस्थापकाला कोल्हापूरच्या, आणि मुंबईतील मुख्य कार्यालयाला सर्व, हे योग्यच आहे. पण पडद्यावर 'एकूण विक्री' असे शीर्षक तिघांनाही दिसते, आणि तिघांचे एकूण वेगळे असते. पॉवर बीआयमध्ये ही गाळणी हिशोब होण्याआधीच लागू होते. 'सर्व विभाग धरून' असे सूत्रात स्पष्ट लिहिले तरी ते 'सर्व' म्हणजे त्या व्यक्तीला परवानगी असलेले सर्व. त्यामुळे 'राज्यातील विक्रीत विभागाचा वाटा' असा साधा रकाना ठेवला, तर नागपूरच्या व्यवस्थापकाला आपला वाटा शंभर टक्के दिसेल आणि विभागांची क्रमवारी लावली तर आपला क्रमांक पहिला. सूत्र बरोबर, डेटा बरोबर, आलेख बरोबर आणि निष्कर्ष मात्र साफ चुकीचा.

याचा अर्थ असा की परवानगीचा नियम लिहिणारा मनुष्य, त्याला जाणीव असो वा नसो, आकड्याच्या अर्थात हस्तक्षेप करतो. हिशोबाच्या वहीला कुलूप लावणे वेगळे आणि वही उघडणाऱ्यागणिक तिची बेरीज बदलणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक अहवालावर 'हे आकडे अमुक विभागापुरते आहेत' अशी मर्यादा ठळकपणे छापली पाहिजे, आणि तुलनेसाठी लागणारा राज्याचा एकूण आकडा गाळणीच्या बाहेर, वेगळ्या व संक्षिप्त तक्त्यात ठेवायचा की नाही, हे विक्रीप्रमुखाने ठरवले पाहिजे. ॲडमिनला ते ठरवता येणार नाही, कारण विभागांनी एकमेकांची कामगिरी जाणावी की नाही हा व्यवस्थापनाच्या धोरणाचा प्रश्न आहे.

याच सोयीची दुसरी बाजू अधिक धोक्याची आहे. पॉवर बीआयमध्ये अहवाल ज्या सामाईक जागेत ठेवले जातात तिला वर्कस्पेस म्हणतात, आणि तिथे चार भूमिका असतात : ॲडमिन, मेंबर, कॉन्ट्रिब्युटर आणि व्ह्यूअर. ओळनिहाय सुरक्षा यांपैकी केवळ व्ह्यूअरला लागू होते. वरच्या तिघांना संपादनाचा अधिकार असल्याने त्यांना सर्व ओळी दिसतात. एखाद्या विभागीय व्यवस्थापकाने अहवालातील एखादा आलेख बदलण्याची मुभा मागावी, ॲडमिनने सद्भावनेने त्याला कॉन्ट्रिब्युटर करावे आणि त्या एका बदलाने संपूर्ण राज्याचे आकडे त्याच्यापुढे उघडे पडावेत, हे सहज घडू शकते. सुरक्षेचा नियम कोणी मोडला नाही, तो जागच्या जागी आहे. तो ज्यांना लागू होतो त्यांच्या यादीतून एक मनुष्य अलगद बाहेर पडला.

एकत्रित आकडे, म्हणजे सरासरी, बेरीज, टक्केवारी, निरुपद्रवी असतात अशीही एक समजूत आहे, आणि 'व्यक्तिगत ओळी लपवल्या आहेत, फक्त सरासरी दाखवतो' असे समर्थन तिच्या आधारे केले जाते. डोरोथी डेनिंग, पीटर डेनिंग आणि मेयर श्वार्ट्झ यांनी १९७९ मध्येच दाखवून दिले होते की परवानगी असलेल्या एकत्रित प्रश्नांची चतुर जोडणी करून व्यक्तीची माहिती बाहेर काढता येते. त्याचे साधे रूप कोणत्याही डॅशबोर्डवर करून पाहता येईल. नऊ जणांच्या विभागाचा सरासरी पगार ६०,००० रुपये दिसतो. गाळणी बदलून त्या विभागातील एकमेव महिला कर्मचारी वगळली की उरलेल्या आठ जणांची सरासरी ५८,००० दिसते. पहिली बेरीज ५,४०,०००, दुसरी ४,६४,०००. त्या एका व्यक्तीचा पगार ७६,००० रुपये. एकही व्यक्तिगत ओळ न उघडता हे कळले. म्हणून गाळणी बदलण्याची मुभा हीसुद्धा परवानगीच होय, आणि अमुक संख्येपेक्षा लहान गटाचा आकडा दाखवायचाच नाही हा नियम अहवालातच बांधून घ्यावा लागतो.

तिसरा टप्पा : नियमांच्या टकरीत कोण जिंकतो

एकच व्यक्ती दोन ग्रुपमध्ये आहे. एका ग्रुपला अहवाल पाहण्याची परवानगी आहे, दुसऱ्याला स्पष्ट मनाई. या व्यक्तीला अहवाल दिसेल का? सामान्य माणसाला वाटेल की याचे उत्तर सगळीकडे एकच असणार. प्रत्यक्षात टॅब्लो सर्व्हरवर प्रत्येक क्षमतेसाठी होकार, नकार किंवा अनिर्णित असे तीन पर्याय असतात. व्यक्तीच्या नावाने लिहिलेला नियम ग्रुपच्या नियमावर मात करतो, आणि दोन ग्रुपमध्ये विरोध असेल तर नकार जिंकतो. मेटाबेसमध्ये तत्त्व उलटे आहे : परवानग्या एकमेकांत मिळवल्या जातात आणि सर्वांत सैल परवानगी लागू होते. शिवाय तिथे प्रत्येक जण 'सर्व युजर' या ग्रुपचा आपोआप सदस्य असतो. म्हणून त्या ग्रुपची परवानगी आधी आवळली नाही तर इतर ग्रुपवर घातलेली बंधने निव्वळ कागदोपत्री राहतात. एका सॉफ्टवेअरवर शिकलेला ॲडमिन दुसऱ्यावर आला आणि त्याने जुनीच रचना जशीच्या तशी उभी केली, तर कोणतीही चूक न दिसता अर्थ पालटतो.

या टकरींत एक तिसरा पक्षही असतो, आणि तो म्हणजे लायसन्सची किंमत. टॅब्लोने २०१८ पासून क्रिएटर, एक्सप्लोरर आणि व्ह्यूअर अशी लायसन्सची विभागणी केली. व्ह्यूअर लायसन्सवर असलेल्याला अहवाल बदलण्याची परवानगी दिली तरी ती लागू होत नाही, कारण लायसन्स हीच त्याच्या क्षमतेची वरची सीमा असते. क्रिएटर लायसन्स महाग असल्याने ती मोजकीच घेतली जातात. परिणामी संस्थेत स्वतः प्रश्न मांडू शकणारे कोण आणि मांडलेली उत्तरे पाहणारे कोण, ही विभागणी खरेदी विभागाच्या टेबलावर, वार्षिक खर्चात काटछाट करताना होते. खर्च मर्यादित असतो हे खरे. पण पाच क्रिएटर लायसन्स कोणाला द्यायची हे ठरवताना ज्येष्ठता पाहिली जाते की प्रश्न विचारण्याची गरज, यावरून त्या संस्थेत आकड्यांचे स्थान काय आहे ते कळते.

चौथा टप्पा : सेटिंग म्हणजे आधीच घेतलेला निर्णय

सर्व्हरचे सेटिंग म्हणजे यंत्र चालू ठेवण्यापुरती तांत्रिक जुळवाजुळव, असे समजले जाते. काही सेटिंग तशी असतातही. कोणत्या प्रक्रियेला किती मेमरी द्यावी याबद्दल संचालक मंडळाने विचार करण्याचे कारण नाही. परंतु अहवालातील मूळ डेटा डाऊनलोड करता यावा का, पाहुण्याला लॉगिनशिवाय पाहता यावे का, अहवालाची प्रत रोज सकाळी ईमेलने जावी का आणि त्या प्रतीत कोणाच्या नजरेतले आकडे असावेत, डेटाची प्रत दिवसातून किती वेळा ताजी व्हावी, ही सेटिंग थेट धोरणे आहेत. पॉवर बीआयमध्ये अहवाल इंटरनेटवर सर्वांसाठी खुला करण्याची सोय आहे; तिने तयार झालेला दुवा जगातील कोणालाही लॉगिनशिवाय उघडता येतो. ती सोय कोणाला वापरता यावी, हे संस्थेच्या पातळीवरील एका सेटिंगने ठरते. ईमेलने बाहेर पडलेल्या पीडीएफवर तर सर्व्हरचे कोणतेच नियंत्रण उरत नाही.

सेटिंगला हात न लावणे म्हणजे तटस्थ राहणे नव्हे. एमआयटीतील जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये माहितीच्या संरक्षणाची आठ तत्त्वे मांडली. त्यांतली दोन येथे महत्त्वाची : प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार असावा, आणि मुळातली स्थिती नकाराची असावी, म्हणजे परवानगी मिळण्यासाठी कारण द्यावे लागावे, नाकारण्यासाठी नव्हे. दुसरे तत्त्व किती खोल आहे, हे अपाची सुपरसेट या मुक्त-स्रोत बीआय सॉफ्टवेअरच्या इतिहासातून स्पष्ट होते. लॉगिनच्या खुणेवर सही करण्यासाठी सुपरसेट एक गुप्त किल्ली वापरते. सॉफ्टवेअरसोबत येणारी ठरावीक किल्ली बदलली नाही, तर ती ठाऊक असलेला कोणीही स्वतःला ॲडमिन म्हणून सादर करू शकतो. किल्ली बदला, असे माहितीपत्रकात लिहिलेले होते. होरायझन३ या सुरक्षा-संस्थेने २०२१ मध्ये इंटरनेटवर दिसणारे सुपरसेट सर्व्हर तपासले तेव्हा १,२८८ पैकी ९१८ ठिकाणी मूळचीच किल्ली होती. त्यानंतर लॉगमध्ये ठळक इशारा देण्याची व्यवस्था झाली. २०२३ मध्ये पुन्हा तपासले, तेव्हा ३,१७६ पैकी २,१२४, म्हणजे सुमारे दोन-तृतीयांश सर्व्हरवर तयार किल्ल्यांपैकीच एखादी होती. अखेर त्या वर्षीच्या २.१ आवृत्तीपासून मूळची किल्ली असेल तर सुपरसेट सुरूच होत नाही.

माहितीपत्रकाने काम झाले नाही, इशाऱ्याने झाले नाही; नकाराने झाले. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ॲप्स या संकेतस्थळ-साधनाबाबतही हेच घडले. तक्त्यांवरील परवानग्यांची तपासणी मुळात बंद ठेवलेली असल्यामुळे अनेक संस्थांच्या मिळून सुमारे ३ कोटी ८० लाख नोंदी उघड्या राहिल्याचे ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाले, आणि त्यानंतर ती तपासणी मुळातच चालू ठेवण्याचा बदल कंपनीने केला. या घटनांत ॲडमिन आळशी होते असे म्हणून थांबणे अन्यायाचे होईल. मुळातली स्थिती काय असावी याचा निर्णय त्यांच्या वतीने आधीच कोणीतरी घेतला होता, आणि तो आपला निर्णय ठरतो हे त्यांच्या संस्थांना ठाऊक नव्हते.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की एवढी काटेकोर व्यवस्था लावली तर काम ठप्प होईल. लोकांना सर्व्हरवर आकडे मिळाले नाहीत की ते एक्सेलच्या फायली मागवतील, त्या व्हॉट्सॲपवर फिरतील आणि नियंत्रण उरलेच नाही अशी स्थिती येईल. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याच कारणाने तो प्रस्तुत प्रतिपादनाच्या बाजूने उभा राहतो. परवानग्यांचा विचार करणे म्हणजे परवानग्या कमी करणे, असे येथे कुठेही म्हटलेले नाही. एखाद्या गोदामाच्या पर्यवेक्षकाला आपल्याच गोदामातील मुदत संपत आलेला माल दिसत नसेल, तर ती परवानगीच्या रचनेतली तेवढीच गंभीर चूक आहे जेवढी कोणाला नको ते दिसणे. पण सैल परवानगीमुळे झालेली हानी घटना म्हणून नोंदली जाते, आणि आवळलेल्या परवानगीमुळे न विचारलेले प्रश्न कुठेच नोंदले जात नाहीत. म्हणून निर्णय एकट्या ॲडमिनवर सोडला तर तो स्वतःच्या बचावासाठी नकाराकडे झुकतो किंवा कटकट टाळण्यासाठी सरसकट होकाराकडे. दोन्ही टोके टाळायची तर परवानगीमागे कारण हवे, आणि कारण व्यवसायातील माणसालाच ठाऊक असते. प्रत्येक ग्रुपसाठी पाच गोष्टी लिहिल्या तरी पुरे : कोणत्या कामासाठी, कोणता डेटा, कोणत्या क्षमतेने, कधीपर्यंत आणि कोणाच्या मंजुरीने. परवानगी व्यक्तीच्या नावाने न देता पदाच्या ग्रुपला द्यावी. म्हणजे बदली झाली की ग्रुप बदलतो आणि जुना अधिकार मागे राहत नाही. डेव्हिड फेरायोलो आणि रिक कुन यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या भूमिकाधारित नियंत्रणाचा गाभा हाच आहे. ते न केल्यास तीन बदल्या झालेल्या कर्मचाऱ्याकडे तीन पदांचे अधिकार साठतात, आणि ते कोणी वाईट हेतूने दिलेले नसतात.

दुसरा आक्षेप लहान संस्थांचा : पंधरा माणसांच्या कार्यालयात हे कोण करणार? तिथे ग्रुप दोन-तीनच असतील आणि त्यांच्या पाच-पाच ओळी लिहायला एक दुपार लागेल. ही सबब टिकत नाही.

तिसरा आक्षेप नवा आहे. आता साध्या भाषेत प्रश्न टंकला की बीआय सॉफ्टवेअर स्वतःच उत्तर शोधून देते; मग अहवालनिहाय परवानग्यांचा हा खटाटोप कालबाह्य होणार नाही का? परिणाम याच्या उलट दिशेने होईल. अहवाल ठरावीक होते तोवर काय दिसू शकते याची यादी करता येत होती. अहवाल करणाऱ्याने जे मांडले नाही ते वाचणाऱ्याला सहसा दिसत नसे, आणि ढिलाई त्यामागे झाकली जात असे. प्रश्न मोकळा झाला की हा आडोसा जातो. मग डेटावरच बांधलेला नियम हीच एकमेव सीमा उरते, आणि तो नियम पडद्यावर लिहिलेला असेल, डेटावर नसेल, तर त्याचा उपयोग संपतो.

ॲडमिनवर लक्ष कोणी ठेवायचे

आतापर्यंतचे विवेचन ॲडमिनच्या खांद्यावरून ओझे उतरवणारे वाटेल. ते त्याचे अधिकारही मर्यादित करणारे आहे. सर्व्हर ॲडमिनला सर्व अहवाल दिसतात, स्वतःला कोणत्याही ग्रुपमध्ये घालता येते आणि अहवालाचा मालक बदलता येतो. २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेची गुप्त कागदपत्रे बाहेर नेणारे एडवर्ड स्नोडेन कंत्राटी सिस्टिम ॲडमिन म्हणून काम करत होते, आणि त्यानंतर त्या संस्थेने ॲडमिनच्या संवेदनशील कामांसाठी दोन व्यक्तींची अट जाहीर केली. त्यांच्या कृत्याविषयी मत काहीही असो, यंत्रणा चालवणाऱ्याला यंत्रणेतील सर्व काही दिसण्याची गरज नसते, हे त्या प्रकरणाने निर्विवाद केले. बीआयमध्ये याचे व्यवहार्य रूप साधे आहे : परवानगीतील बदलांची नोंद ॲडमिनला पुसता येणार नाही अशा जागी जावी, आणि ती महिन्यातून एकदा ॲडमिनखेरीज दुसऱ्या कोणीतरी, अंतर्गत लेखापरीक्षकाने किंवा विभागप्रमुखाने, खरोखर वाचावी. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणकीय यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहेच. जपलेली नोंद कोणी वाचावी, हे निर्देश सांगत नाहीत. ते संस्थेनेच ठरवायचे आहे.

कायद्याची दृष्टी

परवानगी हा निर्णय आहे, ही भूमिका कोणाला तात्त्विक वाटत असेल तर त्याने मुंबईच्या शेअरबाजारात नोंदलेल्या कोणत्याही कंपनीचा विचार करावा. सेबीच्या २०१५ च्या अंतर्गत व्यवहार प्रतिबंधक विनियमांनुसार भावावर परिणाम करू शकणारी अप्रकाशित माहिती ज्याच्याकडे आहे तोच नव्हे, तर जिच्यापर्यंत ज्याची पोहोच आहे असा प्रत्येक जण अंतःस्थ ठरतो. आर्थिक निकाल अशा माहितीत मोडतात. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यानंतरच्या ४८ तासांपर्यंत कंपनीने निर्दिष्ट केलेल्या व्यक्तींसाठी शेअरव्यवहाराची खिडकी बंद असते. आता तिमाहीची एकत्रित विक्री रोज ताजी करून दाखवणारा डॅशबोर्ड घ्यावा आणि तो उघडण्याची परवानगी असलेल्यांची यादी पाहावी. त्या यादीतील एखाद्याने तो कधीच उघडला नसेल. पण त्याची पोहोच आहे, आणि ती एका ॲडमिनच्या क्लिकने निर्माण झाली. ही माहिती कोणाकोणाला दिली त्यांची नावे पॅन क्रमांकासह, वेळेच्या नोंदीसह आणि बदलता न येणाऱ्या स्वरूपात किमान आठ वर्षे कंपनीने जतन करावीत, असे बंधन याच विनियमांत आहे. ही नोंदवही कंपनी सचिवाच्या ताब्यात असते आणि डॅशबोर्डची यादी आयटी विभागाच्या. या दोन याद्या एकमेकींशी ताडून पाहण्याचे काम ज्या कंपनीने कोणाला नेमून दिलेले नाही, तिने आजच ते नेमून द्यावे.

व्यक्तींच्या माहितीबाबत तर प्रश्न आणखी सरळ आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जी संस्था ठरवते, तिच्यावर अधिनियमाने वाजवी सुरक्षा-उपायांचे दायित्व ठेवले आहे. तिचे काम दुसऱ्या कंपनीला कंत्राटाने दिलेले असले तरी ते तिच्यावरच राहते. माहितीपर्यंतच्या पोहोचीवर नियंत्रण ठेवणे आणि त्या पोहोचीच्या नोंदी जपणे या उपायांत नियमांनी नावानिशी घातले आहे. या कर्तव्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो ॲक्सेस देणाऱ्या ॲडमिनला नव्हे, त्या संस्थेला होतो.